चौथी शिकलेल्या शेतकऱ्याचा कारखाना

नारळी पौर्णिमा म्हटली की आपल्याला नारळीभात आठवतो आणि भावाच्या हातावरची राखी. पण आपल्या राज्यात हा दिवस शेतकरी दिन म्हणूनही पाळला जातो, हे आपल्यातल्या किती जणींना ठाऊक आहे? या तिथीला पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील यांचा जन्म झाला. पुढच्या पिढ्या राजकारणात गाजल्या, त्यामुळे आडनाव सगळ्यांच्या ओळखीचं. मला मात्र आज सांगायचंय ते मराठी शाळेत जेमतेम चौथीपर्यंत शिकलेल्या त्या शेतकऱ्याविषयी. मावळात बचत गटांचं काम करताना मला त्यांची आठवण वारंवार होते.

तेव्हाच्या नगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं लोणी बुद्रुक हे त्यांचं गाव. प्रवरेच्या कालव्याला पाणी आलं आणि त्या भागात ऊस उभा राहिला. पाणी आलं म्हणजे पैसा आला, असं आपल्याला वाटेल. तसं झालं नाही. ऊस एकदा तोडला की तो थांबत नाही, दिवसागणिक त्याचा गोडवा उतरतो. मग गुऱ्हाळ लावायचं, रात्र रात्र काहिलीपाशी जागायचं, ढेपा गाडीत भरून पेठेत न्यायच्या आणि तिथं आडत्या म्हणेल तो भाव घ्यायचा. सावकाराचं देणं मानगुटीवर, त्यामुळे माल परत आणायचीही सोय नाही. आसपास खासगी साखर कंपन्या होत्या. त्यांनी शेतकऱ्यांच्याच जमिनी खंडानं घेऊन ऊस लावला होता. राबणारा एक आणि ठरवणारा दुसरा, असा सगळा मामला.

विठ्ठलरावांनी सुरुवात कुठून केली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्यांनी एकदम कारखान्याचा घाट घातला नाही. १९२३ साली गावात सहकारी पतपेढी काढली. शेतकऱ्याचा हात आधी सावकाराच्या हातातून सोडवायचा, त्याला घेतलेलं फेडायची आणि हिशेब ठेवायची सवय लावायची. कारखाना त्यानंतर पाव शतकानं आला. एवढा धीर आज आपल्यापैकी कितीजण धरतील?

१९४५ साली बेलापूरला कालव्यावरच्या ऊस बागायतदारांची परिषद भरली. पुण्याच्या गोखले संस्थेचे अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ तिचे अध्यक्ष होते. शेतकऱ्यांनीच आपला साखर कारखाना काढावा, या विचारानं तिथून जोर धरला. विठ्ठलराव बैलगाडीतून गावोगाव फिरले, एकेक शेअर गोळा करत. विचार करा, कर्जात बुडालेल्या घरात जाऊन कधी न पाहिलेल्या कारखान्यासाठी पैसे मागायचे! लोक हसले, काहींनी दारातूनच वाटेला लावलं असेल. घराघरांतून बायकांनी काय काय प्रश्न विचारले असतील, ते मी कल्पनेनं ऐकू शकते. पैसे बुडाले तर पोराबाळांना काय घालायचं, हाच पहिला!

तरी भागभांडवल जमलं. वैकुंठभाई मेहता तेव्हा मुंबई राज्याचे सहकार मंत्री होते, त्यांनी पाठबळ दिलं. औद्योगिक वित्त महामंडळाचं कर्ज मिळालं. १९५०च्या अखेरीस लोणीजवळच्या माळावर, आजच्या प्रवरानगरला, कारखान्याचा पहिला हंगाम सुरू झाला. महाराष्ट्रातला हा पहिला सहकारी साखर कारखाना. अध्यक्षपदी बसवलं ते गाडगीळांना. एवढी खटपट स्वतः केलेली, तरी खुर्चीवर जाणता माणूस हवा, हे ओळखायलाही मोठं मन लागतं.

यातली मेख समजून घेऊ या. सभासद शेतकरी ऊस घालणार आणि कारखान्याचा मालकही तोच. एकराचा धनी असो की पन्नास एकरांचा, मत एकच. साखर विकून जे उरेल ते उसाच्या भावातून सभासदाकडे परत येणार. त्यातलाच काही भाग बाजूला काढून पुढे शाळा, दवाखाने उभे राहिले. १९६१ साली पंडित नेहरू प्रवरानगरला आले आणि त्याच साली विठ्ठलरावांना पद्मश्री मिळाली. १९८० मध्ये ते गेले, तोवर राज्यभर असे कारखाने उभे राहिले होते. आपल्या मावळाच्या भागातही कासारसाई-दारुंब्रेला संत तुकाराम सहकारी साखर कारखाना झाला, तो याच वाटेनं.

सगळं गोडच होतं असं मी म्हणणार नाही. ऊस तोडणारे या मालकीच्या बाहेरच राहिले. नवराबायको मिळून एक कोयता धरायचा, ही पद्धत आजही चालते आणि त्यात बाईची मजुरी वेगळी दिसतच नाही. शेअरही बहुतेक घरातल्या पुरुषाच्या नावावर. काही कारखाने पुढाऱ्यांच्या भांडणात आणि कर्जात बुडाले. विठ्ठलरावांनी दार उघडलं, पण आतली बाईची जागा रिकामीच राहिली.

म्हणूनच मला आपल्याकडचं बघून राहवत नाही. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तयार झालेला इंद्रायणी तांदूळ आज शहरात सुंदर पिशव्यांतून मिळतो. लावणीला कमरेइतकी वाकते ती आपली बाई, पण भात विकला जातो खळ्यावरच, व्यापारी म्हणेल त्या भावाला. लोणावळ्यात उन्हाळ्यात पाटी घेऊन बसणाऱ्या करवंदं-जांभळंवाल्या बघा. संध्याकाळपर्यंत माल खपला नाही तर टाकून द्यायचा, म्हणून चारनंतर निम्म्या भावात. तोडलेल्या उसाचीच ही गत! चिक्कीच्या कामात कितीतरी जणी पॅकिंग करतात, पण भाव ठरतो तेव्हा त्या तिथं नसतात.

आमच्या ओळखीच्या एका गटाकडे एका मोठ्या कंपनीनं तांदळाची चौकशी केली होती. सगळ्या जणी खूश. पण अटी कळल्या: माल टनांनी हवा, सगळा एकाच प्रतीचा, ओलावा मोजून, आणि पैसे दीड महिन्यानं. एकेकटीच्या घरात चार-पाच पोती, आणि दीड महिना थांबायची ताकद नाही. चौकशी तिथंच विरली. कंपनीला छोटा शेतकरी नको असतो असं नाही, तिला पन्नास दारं वाजवायला नको असतात. पन्नास घरांचं एक दार झालं तर ती येते, आणि मग भावाचंही बोलता येतं.

त्यासाठी आज बैलगाडीतून फिरायचीही गरज नाही. २००२ साली कंपनी कायद्यात झालेल्या दुरुस्तीमुळे दहा उत्पादक एकत्र आले तरी शेतकरी उत्पादक कंपनी काढता येते. एक सभासद, एक मत हे तत्त्व तिथंही आहे. बचत गट म्हणजे आपली १९२३ सालची पतपेढी समजा. हिशेब लिहायला, कर्ज फेडायला आपण शिकलो. पण पापड-लोणच्याच्या स्टॉलपाशीच थांबलो, तर पुढची पायरी चढणार कोण?

तेव्हा मैत्रिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की लगेच उठू नका. कुणाकडे किती भात होतो, कुणाचं किती दूध जातं, कोण किती करवंदं विकते, हे वहीच्या शेवटच्या पानावर लिहून काढा. बेरीज बघून तुम्हीच चकित व्हाल. आणि उद्या शेअर घ्यायची वेळ आली, तर तो स्वतःच्या नावावर घ्या.