भागीदारीचा मुत्सद्दी : शेठ वालचंद हिराचंद

५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' नावाच्या जहाजाने मुंबई बंदर सोडून लंडनची वाट धरली. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांचे हे जहाज पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांसाठी तरंगते इस्पितळ म्हणून वापरले गेले होते. युद्ध संपताच ते विक्रीस निघाले आणि सोलापूरच्या एका कंत्राटदाराने ते घेण्याचा घाट घातला. एकट्याच्या खिशाला न झेपणारा हा व्यवहार होता. त्यांनी नरोत्तम मोरारजी, लल्लुभाई सामळदास आणि किलाचंद देवचंद या तिघांना सोबत घेतले व सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचा जन्म झाला. ५ एप्रिल हा दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो, तो याच सफरीमुळे.

ते कंत्राटदार म्हणजे शेठ वालचंद हिराचंद दोशी. २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात एका गुजराती दिगंबर जैन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. घरचा धंदा सावकारीचा आणि कापसाचा. वालचंदांचे मन त्यात रमले नाही. रेल्वेत कारकुनी केलेल्या लक्ष्मणराव फाटक यांच्याशी त्यांनी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून कंत्राटदारीला आरंभ केला. फाटकांकडे कामाची जाण, वालचंदांकडे पैसा उभा करण्याची हिंमत. एकाकडे जे नाही ते दुसऱ्याकडून घ्यायचे, हा हिशेब त्यांनी पुढे आयुष्यभर मांडला.

१९२० मध्ये त्यांची पेढी टाटांच्या सहभागाने स्थापन झालेल्या टाटा कन्स्ट्रक्शन कंपनीत विलीन झाली. टाटा या नावामागे पत होती आणि मोठ्या सरकारी कामांची दारे त्या पतीने उघडत. १९३५ मध्ये टाटा बाहेर पडले तेव्हा कंपनी मोडली नाही. 'प्रीमियर कन्स्ट्रक्शन' हे नाव घेऊन ती वालचंदांकडे राहिली. दरम्यान १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन आणि इंडियन ह्यूम पाइप या दोन कंपन्या उभ्या राहिल्या होत्या. सिमेंट-काँक्रीटचे नळ बनविण्याची ऑस्ट्रेलियातील ह्यूम यांची पद्धत त्यांनी भारतात रुजविली.

जहाजाचा धंदा मात्र इतका सरळ नव्हता. हिंदी किनाऱ्यावर लॉर्ड इंचकेप यांच्या ब्रिटिश इंडिया कंपनीची मक्तेदारी होती. नवी कंपनी दिसताच ब्रिटिश कंपन्या मालवाहतुकीचे दर पाडत. जो व्यापारी सर्व माल त्यांच्याच जहाजांवर चढवील, त्याला भाड्याचा काही भाग काही महिन्यांनी परत मिळे. मध्येच दुसऱ्याकडे माल दिला, की ती रक्कम बुडाली. अशा तडाख्यात यापूर्वीच्या कितीतरी स्वदेशी कंपन्या गारद झाल्या होत्या. 'लॉयल्टी' हे जहाजही सिंदियाला लाभले नाही व काही वर्षांतच मोडीत निघाले.

१९२३ मध्ये सिंदियाने इंचकेपांशी दहा वर्षांचा करार केला. कंपनीने किनारी वाहतुकीपुरतेच राहावे आणि जहाजांची एकूण क्षमता ७५ हजार टनांपुढे नेऊ नये, अशी बंधने त्यात होती. राष्ट्रीय बाण्याने सुरू झालेल्या कंपनीने परक्या मक्तेदाराशी हातमिळवणी करावी, हे अनेकांना रुचले नाही आणि तो राग अनाठायी म्हणता येणार नाही. पण कराराविना दरयुद्धात कंपनी तगली असती, असे मानणे कठीण आहे. वालचंदांनी वाढ गहाण ठेवली आणि अस्तित्व सोडवून घेतले. नरोत्तम मोरारजींच्या निधनानंतर १९२९ मध्ये ते अध्यक्ष झाले. पुढे कोकणच्या चाकरमान्यांना ठाऊक असलेली बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीदेखील सिंदियाच्या छत्राखाली आली.

दुसरे महायुद्ध पेटले तेव्हा प्रवासात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकी विमान व्यावसायिकाशी गाठ पडली. पॉलींकडे तंत्रज्ञान होते. म्हैसूर संस्थानने जमीन आणि भांडवल दिले. डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरात हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची नोंदणी झाली. काही महिन्यांतच भारत सरकारही भागीदार झाले. पण जपानची फौज पूर्वेकडून सरकू लागताच सरकारला कारखाना पूर्णपणे आपल्या हुकमाखाली हवासा वाटू लागला. एप्रिल १९४२ मध्ये वालचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे समभाग सरकारने विकत घेतले. म्हैसूर संस्थानने आपला हिस्सा विकला नाही, कारभारावरचा हक्क तेवढा सोडला. वालचंदांच्या वाट्याला समभागांची किंमत आली. कारखान्याचे भवितव्य दुसऱ्यांच्या हाती गेले. १९६४ मध्ये त्यातूनच हिंदुस्थान एरोनॉटिक्स आकारास आली.

विशाखापट्टणमच्या जहाजबांधणी कारखान्याची कथाही फारशी निराळी नाही. २१ जून १९४१ रोजी राजेंद्रप्रसादांच्या हस्ते त्याची कोनशिला बसली. मार्च १९४८ मध्ये 'जलउषा' हे जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले. मात्र जहाजबांधणी हा सरकारी पाठबळावाचून चालणारा धंदा नव्हे. १९५२ मध्ये सरकारने त्यात दोन तृतीयांश वाटा घेतला आणि १९६१ मध्ये उरलेलाही.

मोटारीच्या बाबतीत त्यांनी अमेरिकेच्या क्रायस्लरशी करार केला. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे याच कंपनीने इटलीच्या फियाटशी संधान बांधले. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी त्याचेच अपत्य. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून निवृत्त झाली.

ज्या उद्योगांत त्यांना कुणाची मनधरणी करावी लागली नाही ते शेतीशी निगडित होते. मालेगावजवळ रावळगाव आणि इंदापूर तालुक्यात वालचंदनगर येथे माळरानावर ऊस उभा राहिला, साखर कारखाने निघाले, वसाहती वसल्या. रावळगावच्या गोळ्या-चॉकलेटांची नाममुद्रा २०२४ मध्ये रिलायन्स समूहाने २७ कोटी रुपयांना घेतली.

१९४९ मध्ये वालचंदांना अर्धांगाचा झटका आला. पुढच्या वर्षी त्यांनी सिंदियाचे अध्यक्षपद सोडले. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले, 'लॉयल्टी'च्या पहिल्या सफरीला चौतीस वर्षे पूर्ण होऊन तीनच दिवस लोटले होते.