बहिणाबाई आणि माझी बंद वही

कविता करायला मला आवडते. पण कॉलेजात आल्यापासून वही उघडलेली नाही. कुणी हसेल, ही भीती! अशा वेळी बहिणाबाई चौधरी आठवतात. जन्म १८८० चा, जळगावजवळच्या असोद्याचा. अक्षरओळख नाही, तेराव्या वर्षी लग्न, तिशीत वैधव्य, पदरी मुले. तरी दळताना, शेतात राबताना त्या गाणी रचीत गेल्या. मुलगा सोपानदेव यांच्यामुळे काही कागदावर उतरली, बाकीची वाऱ्यावर गेली. १९५१ साली त्या वारल्या. आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह संग्रह निघाला तो १९५२ साली. त्यांनी तो पाहिलाच नाही. आणि मी? ओळ सुचण्याआधीच टाळ्यांचा हिशेब मांडतो! माझ्या आईलाही अक्षर येत नाही. या सुट्टीत वही उघडून पहिली कविता तिलाच ऐकवणार आहे.