पापे पदरी घेताना : पंडिता रमाबाईंची आठ वर्षे

पंडिता रमाबाईंचे चरित्र आपल्या वाचकांस अपरिचित नाही. शारदा सदन, दुष्काळातून आणलेल्या मुली, केडगावचे मुक्ती मिशन हे सारे आपण रविवारच्या शाळेपासून ऐकत आलो आहोत. परंतु या थोर स्त्रीच्या जीवनातील १८८३ ते १८९१ या आठ वर्षांकडे आपले लक्ष क्वचितच जाते. बाप्तिस्मा झालेला आहे, नाव सर्वतोमुखी झालेले आहे, सेवाकार्यही सुरू झाले आहे आणि तरी अंतःकरणाला शांती नाही, अशी ती वर्षे होती. ही गोष्ट बाईंनी स्वतःच १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत मोकळेपणाने नमूद केली नसती, तर आपल्याला ती कळण्याचा काही मार्ग नव्हता.

पापक्षालन हा विषय रमाबाईंना जन्मापासूनच चिकटलेला होता. २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथील अरण्यात त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान होते आणि लोकापवाद पत्करून त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंस संस्कृत शिकविले होते. अतिथी व यात्रेकरू यांच्या सत्कारात घरची संपत्ती संपली, आणि रमा अवघी सहा महिन्यांची असताना तिला वेताच्या टोपलीत घालून हे कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. पुढची सुमारे सोळा वर्षे हीच त्यांची जीवनपद्धती होती. देवळात बसून पुराणे सांगावीत, मिळेल त्यावर निर्वाह करावा, पवित्र नद्यांत स्नाने करावीत, उपासतापास करावेत, आणि हे सर्व पापांचे क्षालन व्हावे म्हणून करावे. लहानग्या रमेला आईने भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत करविले.

मग दुष्काळ आला. होते नव्हते ते विकून झाले. भीक मागण्याची किंवा अंगमेहनतीचे काम करण्याची लाज वाटे, म्हणून व्रतांची व जपांची संख्या तेवढी वाढत गेली. १८७४ साली वडील गेले. थोड्याच काळात आई गेली, पुढे थोरली बहीण गेली. उरलेली दोन भावंडे, श्रीनिवासशास्त्री आणि रमा, हिंदुस्थानभर पायी फिरली. उत्तरेत थंडीपासून बचाव व्हावा म्हणून नदीकाठी खड्डे खणून, अंगावर वाळू ओढून त्यांनी रात्री काढल्या. एवढे करूनही देवांनी उत्तर दिले नाही, तेव्हा दोघांचाही जुन्या धर्मावरचा विश्वास हळूहळू ओसरला.

१८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांचा गौरव केला, 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. तेथेच एका ख्रिस्ती मेळाव्यात लोक खुर्च्यांसमोर गुडघे टेकून बसलेले पाहून ही मंडळी खुर्च्यांची पूजा करतात की काय, असे या भावंडांस वाटले! हसू येते खरे, परंतु आपली उपासना परक्याच्या डोळ्यांना कशी दिसते, हेही त्यातून कळते. त्याच काळात स्त्रियांना धर्माचा उपदेश करता यावा म्हणून रमाबाईंनी धर्मशास्त्रांचे अध्ययन केले. बाकी असंख्य बाबतीत एकमेकांशी न जुळणारी ती शास्त्रे दोनच गोष्टींवर एकमत असल्याचे त्यांना आढळले. एक, स्त्रीजात स्वभावतःच दुष्ट आहे. आणि दुसरी, पुरुषाप्रमाणे मोक्ष मिळविणे तिला शक्य नाही. एवढे तप करणाऱ्या मुलीच्या मनावर या शोधाचा काय आघात झाला असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

१८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह केला. सिल्चर येथे पतीच्या ग्रंथसंग्रहात त्यांना बंगाली भाषेतील लूकाचे शुभवर्तमान सापडले. १८८१ साली मनोरमेचा जन्म झाला, आणि पुढच्याच वर्षी, १८८२ मध्ये, बाई विधवा झाल्या. पुण्यास आर्य महिला समाज स्थापून १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या व वाँटेज येथील धर्मभगिनींच्या आश्रमात राहिल्या.

त्या भगिनींचे फुलहॅम येथे एक कार्य होते, समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी. ते पाहून बाई थक्क झाल्या. आपल्या शास्त्रांनी ज्यांना केवळ दंड सांगितला, त्यांची ही माणसे एवढ्या ममतेने सेवा का करतात, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. फादर नेहेम्या गोरे यांच्या पत्राने बुद्धीच्या शंका बऱ्याच अंशी दूर केल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाई व चिमुकली मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला.

आपल्याकडील बहुतेक चरित्रे येथे थांबून स्तुतिगीत गातात. बाईंचा अनुभव मात्र निराळा होता. नवा धर्म लाभल्याचा आनंद होता, यात संशय नाही. परंतु धर्म लाभला तरी त्या धर्माचे जीवन जो ख्रिस्त, तो लाभला नव्हता, असे त्यांना पुढे उमगले. बाप्तिस्म्याच्या पाण्याने पापे धुतली गेली असे त्या समजत होत्या. लहानपणी नद्यांच्या पाण्याविषयीही त्यांना असेच शिकविले गेले होते, हे येथे लक्षात घ्यावे. संस्कार ख्रिस्ती झाला होता, पण मनाची घडण यात्रेकरूचीच राहिली होती. त्यातच वाँटेजच्या भगिनींशी त्रैक्याविषयी व चर्चच्या अधिकाराविषयी वाद झडत होते. या वादात बाईंची स्वतंत्र बुद्धी शोभून दिसते, परंतु पापाचे ओझे वादाने उतरत नाही.

१८८६ साली त्या अमेरिकेस गेल्या, आणि परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईस शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. बाहेरून पाहता यश होते, आतून मात्र आपण पापी आहोत ही जाणीव तीव्र होत चालली होती. अशा वेळी विल्यम हॅस्लम या इंग्लिश धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र त्यांच्या हाती आले. हॅस्लम हे दीक्षित पाळक होते, चर्चचे सर्व काम मनापासून करीत होते, आणि १८५१ साली स्वतःच्याच उपासनामंदिरात स्वतःच प्रवचन करीत असताना त्यांचे परिवर्तन झाले! हे वाचून बाईंनी स्वतःला विचारले, मग मी कोठे उभी आहे? त्यांनी पवित्र शास्त्र उघडले. सर्व काही समजले असे नाही, काही कोडी तशीच राहिली. पण आपल्याला ख्रिस्ती धर्म नव्हे, ख्रिस्त हवा, एवढे स्पष्ट झाले. आधी चांगले होऊन मग त्याच्याकडे जायचे नसून, आहे तसेच, पापे कबूल करून जायचे, हे त्यांनी स्वीकारले. १८९१ साली त्यांनी कोणतीही अट न घालता स्वतःला तारणाऱ्याच्या स्वाधीन केले आणि बालपणापासून न लाभलेली शांती त्यांना लाभली.

भाषांतराचे काम करणाऱ्या मला येथे एक शब्द थांबवून धरतो. पाप कबूल करणे यासाठी योहानाच्या पहिल्या पत्रात जो ग्रीक शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ 'तेच म्हणणे' असा आहे. माझ्या कृत्याविषयी देव जे म्हणतो, तेच मीही म्हणणे. आपल्या मराठी शास्त्रात तेथे 'पदरी घेणे' असा प्रयोग आहे. एका खेड्यात भाषांतराची तपासणी करताना मी एका वृद्ध भगिनीला त्याचा अर्थ विचारला. ती म्हणाली की, पदराखाली आपण झाकतो, पदर पसरून मागतो, आणि जे आपलेच आहे ते पदरात घेतो. झाकणे सोडल्याशिवाय पदर पसरता येत नाही, हे मला तिच्याकडून कळले. रमाबाई धर्मशास्त्र शिकलेल्या होत्या, त्यामुळे प्रायश्चित्त म्हणजे काय हे त्यांना पक्के ठाऊक होते. अमुक पापाला अमुक कृच्छ्र, अमुक दान. पदरी घेण्यात असे काही द्यावे लागत नाही, आणि नेमके हेच स्वीकारणे त्यांच्यासारख्या तपस्विनीला सर्वांत कठीण गेले असावे, असे मला वाटते.

१८९३ साली सदनात ख्रिस्ती वळण लावले जाते म्हणून मोठा गहजब झाला, सल्लागार मंडळाने अंग काढून घेतले, पालकांनी अनेक मुली नेल्या. बाई दुःखी झाल्या, पण डगमगल्या नाहीत. १८९६ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतातून उपाशी मुली गोळा करून केडगावला घेऊन आल्या. वाळूच्या खड्ड्यात रात्री काढलेली मुलगी ती भूक कशी विसरणार? पुढे तेथेच टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन उघडले, त्याचे बी फुलहॅममध्ये पडले होते.

१९०५ च्या जून महिन्यात केडगावला संजीवन झाले. बाई योहानाचा आठवा अध्याय नेहमीच्या शांतपणे शिकवीत असता मुली मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, रडत आपली पापे कबूल करू लागल्या, आणि बाईंना शिकविणे थांबवावे लागले. त्या गोंगाटावर पुष्कळ टीका झाली. मला स्वतःला गोंगाटाचे आकर्षण नाही. पण ज्या बाईने स्वतः आठ वर्षे वाट पाहिली होती, तिने त्या मुलींना गप्प केले नाही, याचे मला आश्चर्य वाटत नाही.

उतारवयात त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण पवित्र शास्त्राचे भाषांतर हाती घेतले. विद्वत्तेची भाषा बाजूला ठेवून खेड्यातील साध्या बायकांना कळेल असे शब्द त्या शोधीत राहिल्या. संस्कृत मुखोद्गत असलेल्या पंडितेने असे करावे, यात किती नम्रता आहे! खिळे जुळविण्याचे व छपाईचे काम मुक्तीतील स्त्रियाच करीत. १९२१ साली मनोरमा वारली, तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी बाईंनी देह ठेवला. त्यांचे संपूर्ण मराठी शास्त्र १९२४ साली केडगावच्या त्याच छापखान्यातून बाहेर पडले.