न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे

प्रतिवर्षी या स्मरणिकेच्या निमित्ताने एखाद्या थोर पूर्वजाचे पुण्यस्मरण करावे, असा आमच्या मंडळाचा प्रघात आहे. यंदा आम्ही देशस्थ ज्ञातीचे भूषण रामशास्त्री प्रभुणे यांचे चरित्र निवडले आहे. हे नाव ठाऊक नाही असे घर जळगाव-धुळ्याकडे सापडणे कठीण. परंतु शास्त्रीबुवांच्या निःस्पृहतेचे गोडवे गाताना ती निःस्पृहता त्यांस केवढ्यास पडली, याचा हिशेब आपण सहसा मांडीत नाही. तो मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

शास्त्रीबुवांचे मूळ स्थान साताऱ्याजवळील, कृष्णा-वेण्णेच्या संगमावरचे क्षेत्र माहुली. बाळपण पोरकेपणात व दारिद्र्यात गेले. साताऱ्याच्या एका सावकाराच्या घरी चाकरी करीत असता अपमान झाला आणि त्या सलाने ते विद्येसाठी काशीस गेले, अशी आख्यायिका आहे. धर्मशास्त्रात पारंगत होऊन परतल्यावर १७५१ मध्ये ते पेशव्यांच्या पदरी राहिले व १७५९ मध्ये न्यायाधीशाच्या आसनावर बसले.

थोरले माधवराव जपजाप्यात अधिक वेळ घालवू लागले, तेव्हा शास्त्रीबुवांनी त्यांस राज्यकर्त्याच्या धर्माची आठवण करून दिली आणि ते न पटल्यास आपण काशीची वाट धरू, असे सुचविले, ही कथा प्रसिद्धच आहे. माधवरावांनी ती कानउघाडणी मानली. ऐकून घेणारा धनी लाभला म्हणजे सत्य बोलणे फार जड जात नाही. खरी कसोटी पुढेच होती.

१८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे माधवराव निवर्तले. त्यास दहा महिनेही लोटले नाहीत, तोच ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा वध केला. त्यांचे वय अवघे अठरा वर्षांचे होते. चुलते रघुनाथराव यांस पेशवेपदाची वस्त्रे मिळाली. वाड्यात काय घडले व कोणाच्या संमतीने घडले, याची कुजबुज पुण्यात घरोघरी होती. परंतु उघड बोलण्यास कोणी धजेना. कोणास सरंजामाची चिंता, कोणास लेकराबाळांची.

शास्त्रीबुवांनी मात्र चौकशी चालविली. 'ध' चा 'मा' कोणी केला, याची कथा लोकांनी पुढे नाना परींनी रंगविली. शास्त्रीबुवांच्या चौकशीचा रोख मूळ आज्ञेकडे होता. धागा खुद्द धन्यापर्यंत पोहोचतो अशी खात्री होताच त्यांनी तो दोष रघुनाथरावांच्या तोंडावर ठेवला. या पातकास देहान्तावाचून प्रायश्चित्त नाही, असा निर्णय देऊन ते न्यायासन सोडून निघाले आणि वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले.

येथे क्षणभर थांबावे. नारायणरावांचा जन्म १७५५ चा. म्हणजे शास्त्रीबुवा पेशव्यांच्या पदरी राहिल्यानंतरचा. हे मूल त्यांच्या देखत वाढले होते. ज्यांवर दोष ठेवावयाचा, तेही त्याच घरातले व बावीस वर्षांच्या परिचयाचे. ज्या घराचे अन्न खाल्ले, त्याच घराचे पाप उघड करणे म्हणजे आपल्याच हाताने आपले आतडे तोडणे होय. नोकरी गेली याचे दुःख एकपट. आपण ज्यास आपले मानले ते आपले राहिले नाही, याचे दुःख दसपट.

पुढे बारभाईंचे कारस्थान उभे राहिले. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाला. रघुनाथराव पुण्यास मुकले, आमच्या याच खानदेशाच्या वाटेने बऱ्हाणपुराकडे गेले आणि अखेरीस गुजरातेत इंग्रजांच्या आश्रयास राहिले. शास्त्रीबुवांस सन्मानाने परत बोलाविण्यात आले व १७८९ मध्ये देहावसान होईपर्यंत त्यांनी न्यायदानाचे कार्य केले.

शेवट गोड झाला म्हणून आपण टाळ्या वाजवितो. परंतु खेड्याची वाट धरताना शास्त्रीबुवांस बारभाई ठाऊक नव्हते. सत्य बोलल्याचा दिवस आणि ते सत्य ठरल्याचा दिवस, यांमध्ये एक काळ असतो. त्या काळात मनुष्य एकटा असतो. आपण चुकलो तर नाही ना, घरच्यांस उगाच संकटात घातले तर नाही ना, हे प्रश्न रात्री उशाशी येऊन बसतात. सत्यकथनाचे मोल याच काळात चुकते करावे लागते.

आम्ही हे का लिहीत आहो? आपल्या ज्ञातीची पुष्कळ घरे कचेऱ्या, शाळा, पेढ्या यांतील नोकरीवर चालतात. खोटे जमाखर्च, खोट्या सह्या पाहून वरिष्ठांस कळविणारा बंधू आपल्यातही निघतो. त्याची बदली होते, बढती अडते, सहकारी चहाला बोलावीत नाहीत. हे परके करतात. पण आपण काय करतो? त्यास अव्यवहारी म्हणतो, कार्यात त्याच्या पंगतीस बसावयाचे टाळतो, त्याच्या कन्येचे स्थळ सुचविताना आवाज खाली आणतो. वार्षिक संमेलनात शास्त्रीबुवांस हार घालणारे हात तेच असतात, हे लिहिताना आम्हांस लाज वाटते. कारण या दोषातून आम्हीही सुटलेलो नाही.

प्रत्येकास रामशास्त्री होता येणार नाही, आणि तशी अपेक्षाही कोणी करू नये. परंतु रामशास्त्र्यांसही आसन सोडल्यावर जाण्यास एक गाव होते, उघडणारे एक दार होते. तेवढे दार होणे आपणांपैकी प्रत्येकास शक्य आहे. अशा बंधूच्या घरी या वर्षी एकदा तरी आपण होऊन जावे, त्याची विचारपूस करावी, त्याच्या मुलाबाळांस आपले म्हणावे. शास्त्रीबुवांच्या स्मृतीस याहून उचित पुष्प आम्हांस सुचत नाही.