डॉ. वसंत रामजी खानोलकर

पेशी दुभंगण्यापूर्वी तिच्यातील डीएनएची प्रत तयार होते. मानवी पेशीत या कार्याचा आरंभ हजारो ठिकाणी होतो. पेशींचे हे विभाजन अनावर झाले म्हणजे कर्करोग होतो. तो शरीरात कोठे व का मूळ धरतो, याचा शोध डॉ. खानोलकर (जन्म १८९५) यांनी मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात घेतला. सूक्ष्मदर्शकापाशी बसूनही त्यांचे लक्ष रुग्णाच्या राहणीकडे असे. चुना-तंबाखू दाबून धरणाऱ्याच्या ओठावर, चुट्ट्याचे पेटते टोक तोंडात घेऊन ओढणाऱ्याच्या टाळूवर, धोतर करकचून नेसणाऱ्याच्या कमरेवर हा रोग त्यांना आढळला. धोतरासारख्या साध्या वस्त्राचा संशय कोणास येणार! १९४५ साली हे तिन्ही प्रकार त्यांनी सहकाऱ्यासह निबंधरूपाने प्रसिद्ध केले. १९५२ साली मुंबईत स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक झाले.