दोन काचा शिल्लक

गेल्या हिवाळ्यात आपल्या महाविद्यालयाची सहल ताडोबाच्या राष्ट्रीय उद्यानात जाणार, अशी सूचना फलकावर लागली आणि माझ्यापुढे एक अडचण उभी राहिली. माझे मामा तालुक्याच्या गावी लग्नाचे फोटो काढतात. त्यांनी कॅमेरा द्यायचे कबूल केले, पण दोन भिंगांपैकी एकच न्यायचे, अशी अट घातली. एक ५० मिलिमीटरचे, मुठीत मावेल एवढे. दुसरे ७०-३००चे, दूरचे जवळ आणणारे. लग्नसराई तोंडावर आलेली. दोन्ही भिंगे जंगलात जाऊन काही बरेवाईट झाले, तर त्यांच्या हंगामाचे काय होईल, हे त्यांनी न सांगताही मला कळत होते. वाघ पाहायला निघालेला कोणताही मुलगा मोठेच भिंग उचलील. मीही मनाशी तेच ठरवले होते. पण त्याच आठवड्यात ग्रंथालयात ॲन्सेल ॲडम्स या अमेरिकन छायाचित्रकाराविषयीचे एक पुस्तक हाती लागले आणि माझा निश्चय डळमळला. त्या माणसाचे सारे आयुष्य राष्ट्रीय उद्यानात पाठीवर काय घेऊन जायचे, याचा विचार करण्यात गेले होते!

ॲडम्सचा जन्म २० फेब्रुवारी १९०२ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे झाला. १९०६ च्या भूकंपानंतरच्या एका धक्क्याने हा चार वर्षांचा मुलगा बागेच्या भिंतीवर आपटला. त्याचे नाक मोडले आणि ते जन्मभर वाकडेच राहिले. शाळेत त्याचे मन रमेना. एकामागून एक शाळा झाल्या, आणि अखेर बाराव्या वर्षी वडिलांनी त्याला शाळेतून काढले. पण त्याला वाऱ्यावर सोडले नाही. १९१५ साली शहरात मोठे जागतिक प्रदर्शन भरले, तेव्हा त्यांनी मुलाला वर्षभराचा पास काढून दिला. तो जवळजवळ रोज तिथे जाई. तीच त्याची शाळा. पुढे आठवीचा दाखला तेवढा त्याने मिळवला, आणि म्हातारपणी तो घरातल्या पाहुण्यांच्या न्हाणीघरात टांगून ठेवला. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. माझे दहावीचे प्रमाणपत्र आईने देवाच्या फोटोशेजारी लावले आहे. त्यामुळे हे वाचून मला हसूही आले आणि थोडा रागही आला.

१९१६ साली, आजारपणात अंथरुणावर पडल्या पडल्या, त्याने आत्याने दिलेले सिएरा पर्वतांवरचे एक पुस्तक वाचले आणि योसेमिटीला जाण्याचा हट्ट धरला. आईवडील त्याला घेऊन गेले. तिथे वडिलांनी हातात दिला कोडॅकचा बॉक्स ब्राउनी, म्हणजे पुठ्ठ्याची एक पेटी. तिचे भिंग पक्के बसवलेले. बदलण्याचा प्रश्नच नाही! हाफ डोम या अर्ध्या कापल्यासारख्या डोंगराचा फोटो घ्यायला तो एका जुन्या खोडावर चढला. खोड कुजलेले निघाले. पडता पडता बोटाने खटका दाबला गेला आणि चित्र उलटे आले. पण त्यानंतर योसेमिटीला गेल्याशिवाय त्याचे एकही वर्ष गेले नाही.

हिवाळाभर पियानो आणि उन्हाळ्यात डोंगर, असा त्याचा क्रम ठरला. १९१९ मध्ये तो सिएरा क्लबचा सभासद झाला आणि पुढच्या वर्षापासून चार उन्हाळे क्लबच्या योसेमिटीतील वास्तूची राखण करू लागला. डोंगरातल्या लांबच्या वाटांवर सामान वाहायला गाढव असे. त्या काळी चांगला फोटो काचेच्या प्लेटवर घ्यावा लागे. एक फोटो म्हणजे एक काच, आणि काच म्हणजे वजन. घरून निघतानाच हिशेब व्हायचा. या दिवसांत त्याने चित्र मऊ, धूसर करणारे भिंगही वापरून पाहिले. तेव्हा तशी रीतच होती. फोटो चित्रकाराच्या चित्रासारखा दिसावा, असे लोकांना वाटे. १९२१ मधले त्याचे पाइन वृक्षांचे चित्र असेच धुक्यातले आहे. काही वर्षांनी त्याने ते भिंग बाजूला ठेवले.

आता १९२७ सालच्या एप्रिलमधल्या दिवसाकडे येतो, कारण त्याचसाठी मी हा लेख लिहायला घेतला. हाफ डोमचा सरळ तुटलेला कडा त्याला समोरून हवा होता. डोंगराचा माथा खोऱ्याच्या तळापासून सुमारे ४,७०० फूट उंच. समोरच्या एका सुळक्यावर चढायचे, तेही बर्फातून. सोबत मित्र आणि त्याची भावी पत्नी व्हर्जिनिया होती. त्याच्या पाठीवर सुमारे १८ किलो ओझे: लाकडी कॅमेरा, भिंगे, दोन फिल्टर आणि बारा काचा, शिवाय जड लाकडी तिपाई. वाटेत काही काचा वापरल्या गेल्या, काही फुकट गेल्या. जागेवर पोचल्यावर शिल्लक किती? दोन! आणि कडा अजून सावलीत. ते थांबले. दुपार कलली आणि उजेड कड्यावरून सरकू लागला, तेव्हा त्याने पिवळा फिल्टर लावून एक काच खर्च केली. खटका दाबल्यावर त्याच्या ध्यानात आले, की हे चित्र नेमके असेल, पण आपल्याला कड्यापुढे जे वाटते आहे ते त्यात नसेल. कृष्णधवल फोटोत निळे आभाळ फिके येते. लाल फिल्टर निळा प्रकाश अडवतो, म्हणून तेच आभाळ काळेभोर होते. त्याने शेवटची काच घातली, लाल फिल्टर चढवला आणि पाच सेकंद प्रकाश दिला. त्या एका काचेवर ‘मोनोलिथ’ हे त्याचे जगप्रसिद्ध चित्र आले. फोटो काढण्यापूर्वी तो मनात पुरा पाहायचा, ही त्याची पद्धत या दिवसापासूनची.

तरीही पियानो सुटला नव्हता. १९२८ मध्ये लग्न झाले. १९३० च्या सुमारास त्याने छायाचित्रकारच व्हायचे ठरवले, तेव्हा आई आणि आत्या हळहळल्या. कॅमेऱ्याला माणसाचा आत्मा दाखवता येणार नाही, असे त्यांना वाटे. आमच्या घरी पियानोच्या जागी तलाठ्याची परीक्षा आहे, एवढाच फरक.

१९३२ मध्ये त्याने एडवर्ड वेस्टन वगैरे मित्रांसह ‘एफ-६४’ नावाचा गट काढला. एफ-६४ हे भिंगाच्या अगदी बारीक छिद्राचे माप. छिद्र जितके लहान, तितके जवळचे गवत आणि दूरचे शिखर दोन्ही रेखीव. धूसर चित्रांना हा उघड विरोध होता. पुढे सिएरातील चित्रांचा त्याचा ग्रंथ १९३८ मध्ये निघाला. किंग्ज कॅन्यन राष्ट्रीय उद्यान व्हावे म्हणून जी खटपट चालली होती, तिला त्याचा आधार झाला. १९४० मध्ये ते उद्यान झाले.

मला सर्वांत मोह पडला तो त्याच्या कुक कंपनीच्या भिंगाचा. ते जोडून वापरले की सुमारे १२ इंचांचे. पुढचा किंवा मागचा भाग काढला की १९ किंवा २३ इंचांचे. एकात तीन! १९४१ मध्ये राष्ट्रीय उद्यानांची चित्रे घेण्याच्या सरकारी कामावर तो फिरत होता. न्यू मेक्सिकोत हर्नांडेझ गावाजवळ त्याला चंद्रोदय आणि स्मशानातले पांढरे क्रूस एकदम दिसले. मोटारीच्या टपावर कॅमेरा चढवला, २३ इंचांचा भाग बसवला. पण प्रकाश मोजण्याचे यंत्रच सापडेना. चंद्राची प्रखरता त्याला पाठ होती, तिच्यावरून त्याने हिशेब केला. दुसरा फोटो घेण्याआधीच क्रूसांवरचे ऊन गेले.

वय वाढले तशी ओझी कमी झाली. १९६० मध्ये हाफ डोमवर चंद्र आला, तेव्हा त्याच्या हाती छोटा हॅसेलब्लाड आणि २५० मिलिमीटरचे भिंग होते. १९८१ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने या आठवी पास माणसाला सन्मान्य पदवी दिली. २२ एप्रिल १९८४ रोजी तो वारला.

मी ५० मिलिमीटरचे भिंग नेले. पहाटेचे ताडोबाचे तळे आणि त्यावरची वाफ आधीच डोळ्यांपुढे होती म्हणून नेले, असे मी मामांना सांगितले. दुसऱ्या दिवशी आमच्या जिप्सीपुढे वाघ निघाला. माझ्या फोटोत तो हरभऱ्याच्या दाण्याएवढा आला. मित्र अजून हसतात, आणि ते चूक नाहीत. तळ्याचा फोटो मात्र मी वडिलांना दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला, आणि मोठा करून घ्यायला किती पैसे पडतील, एवढेच विचारले.