मुळापाशी जाणारा साहेब

इंदूरच्या एका संशोधन संस्थेच्या शेतावर, शंभरेक वर्षांपूर्वी, जुलै महिन्यात पावसाच्या पाण्याचा एक चर तुंबला. हरभऱ्यासाठी राखून ठेवलेल्या एका लहानशा तुकड्यात पाणी शिरले आणि त्याचा साधारण दोन-तृतीयांश भाग बुडाला. चर मोकळा केल्यावर पाणी ओसरले. आपल्याकडे असे झाले असते तर चार शिव्या देऊन माणसे दुसऱ्या कामाला लागली असती. पण तिथल्या संचालकाने पाणी जिथवर चढले होते तिथवरचा नकाशा काढून ठेवला. पुढे हरभरा पेरला गेला आणि महिन्याभरात, ऑक्टोबरात, त्यावर घाटेअळी पडली. नकाशा काढून पाहिला तर अळी नेमकी बुडालेल्या भागात होती. त्याच तुकड्याचा कोरडा राहिलेला भाग धडधाकट होता. शेजारच्या पन्नास एकर हरभऱ्याकडेही अळी फिरकली नाही.

हा संचालक म्हणजे आल्बर्ट हॉवर्ड. पुढे सर आल्बर्ट झाला. शेणखत, कंपोस्ट, सेंद्रिय शेती हे शब्द आज आपण पानसुपारीसारखे वापरतो. त्यांच्या मागे जी थोडी माणसे उभी आहेत त्यांत हा इंग्रज फार पुढे आहे. आणि त्याचे सर्वात मोठे काम आपल्यासारख्याच काळ्या मातीत, कपाशीच्या मुलखात, एका मराठी संस्थानिकाच्या जमिनीवर झाले. आमच्या मोताळ्याहून इंदूर काही फार लांब नाही. सातपुडा ओलांडला, नर्मदा ओलांडली की झाले.

हॉवर्डचा जन्म 8 डिसेंबर 1873 चा, इंग्लंडातल्या श्रॉपशायर परगण्यातला, शेतकऱ्याच्या घरातला. केंब्रिजला पदवी घेतली ती पहिल्या वर्गात. 1899 मध्ये बुरशीतज्ज्ञ म्हणून वेस्ट इंडीज बेटांवर गेला. तिथे उसाच्या रोगांवर काम होते. काम कसले, सूक्ष्मदर्शकात बघायचे आणि शेतकऱ्यांना सल्ला द्यायचा. त्याला स्वतःचीच गंमत वाटू लागली : सल्ला देणाऱ्याकडे स्वतःचे वीतभर शेत नाही, आणि ज्याच्याकडे शेत आहे त्याला विचारणारा कोणी नाही! इंग्लंडला परतून तो केंट परगण्यातल्या वाय गावच्या शेतकी महाविद्यालयात लागला. तिथे हॉप नावाच्या वेलीवर रोग पडत होता. या वेलीच्या कळ्या बिअरसाठी लागतात. बागाईतदारांनी नर वेली निरुपयोगी म्हणून उपटून टाकल्या होत्या. हॉवर्डने दाखवून दिले की परागीकरण झालेली वेल मावा आणि भुरी या दोन्हींना जास्त तोंड देते. इथून त्याच्या मनात एक गोष्ट रुजली. रोगाचा शोध रोगात घेण्याआधी झाडाच्या राहणीत घ्यावा.

1905 साली तो हिंदुस्थानात आला. बिहारातल्या पुसा येथे शेतकी संशोधनाची मोठी संस्था उभी राहत होती, तिथे सरकारी वनस्पतितज्ज्ञ म्हणून. (दिल्लीतल्या आजच्या ‘पुसा’चे नाव त्याच गावावरून आले. 1934 च्या भूकंपात मूळ संस्था पडली आणि ती दिल्लीला हलली.) त्याच वर्षी त्याने गॅब्रिएल मॅथाई यांच्याशी लग्न केले. बाई केंब्रिजच्या आणि झाडांच्या श्वसन-पोषणावर काम केलेल्या. नवऱ्याच्या मागोमाग आलेली मडमीण म्हणून त्यांच्याकडे पाहणे फार चुकीचे होईल. नवराबायकोने मिळून गव्हाच्या नव्या जाती काढल्या. पुसा 4 आणि पुसा 12 ही नावे जुन्या शेतकी पुस्तकांत अजून दिसतात. 1913 साली सरकारने बाईंनाही नवऱ्याच्याच हुद्द्यावर दुसऱ्या तज्ज्ञ म्हणून नेमले. हॉवर्डच्या त्या काळातल्या बहुतेक निबंधांवर दोघांची नावे आहेत. लोकांच्या लक्षात मात्र एकच राहिले.

पुसाला त्याला पंचाहत्तर एकर जमीन मिळाली. तिथे त्याने ठरवले की औषध मारायचे नाही, रोगट झाड उपटून टाकायचे नाही, नुसते बघायचे. आपले गुरू त्याने दोन मानले, एक आसपासचा शेतकरी आणि दुसरी कीड. शेतकरी ओल ओळखून, मिश्र पिके घेऊन, फारशी औषधे न वापरता निरोगी पीक काढतो, तर तो काय करतो ते शिकायचे. आणि कीड कुठे पडते ते पाहून आपले कुठे चुकले ते शोधायचे. तंबाखूवरचा विषाणूचा रोग त्याच्या शेतातून गेला तो रोपवाटिका नीट केल्यावर आणि लावणीकडे लक्ष दिल्यावर. त्याचे बैल शेजारच्या गोठ्यातल्या लाळ्या-खुरकुताच्या जनावरांना नाके घाशीत आणि तरी आजारी पडत नसत, असेही त्याने लिहून ठेवले आहे. हा बैलांचा किस्सा त्याच्या चाहत्यांना फार आवडतो. मला तो थोडा जपूनच घ्यावासा वाटतो. लसीला पर्याय म्हणून तर मुळीच घेऊ नये.

त्याचे मला सर्वात आवडलेले काम मुळांचे. फळझाडांची मुळे त्याने उघडी करून, पाण्याच्या फवाऱ्याने माती धुऊन, कोणत्या महिन्यात कोणते मूळ काम करते ते पाहिले. कोरड्या उन्हाळ्यात खोल मुळे पाणी ओढतात. पावसाळ्यात खालची जमीन पाण्याने भरली की ती थकतात आणि वरची बारीक मुळे जागी होतात. बुंध्याभोवती दाट गवत वाढू दिले की या वरच्या मुळांचा श्वास कोंडतो.

परसबाग करणाऱ्या कुणालाही एवढे कळले तरी निम्मे प्रश्न सुटतात. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असतो आणि माणसे रोज सकाळ-संध्याकाळ लिंबाच्या आळ्यात तांब्या-तांब्या पाणी शिंपडतात. वरची दोन बोटे माती भिजते आणि दुपारपर्यंत वाळते. खोल मूळ तहानलेलेच राहते. त्यापेक्षा चार-सहा दिवसांनी एकदा, उन्हे उतरल्यावर, आळे भरून पाणी द्यावे आणि वर पालापाचोळा अंथरावा. आळे बुंध्याला चिकटून नको, पानांच्या सावलीच्या कडेला हवे. पावसाळ्यात याच्या बरोबर उलट. आळे मोडून टाकायचे, बुंध्याशी मातीची भर द्यायची आणि पाण्याला वाट करून द्यायची. ऑगस्टात पिवळी पडलेली जास्वंद घेऊन लोक औषधाच्या दुकानात जातात तेव्हा पुष्कळदा तिला रोग नसतो. तिची मुळे गुदमरलेली असतात. कुंडीत निव्वळ काळी माती भरलेली असते आणि खालचे भोक केव्हाच बुजलेले असते.

मराठीत यासाठी ‘वाफसा’ असा नेमका शब्द आहे. मातीत ओल आहे पण हवाही आहे, नांगर घातला तर ढेकूळ निघत नाही आणि चिखलही होत नाही, ती अवस्था. हॉवर्डने आयुष्यभर जे सांगितले त्याचा निम्मा भाग या एका शब्दात बसतो. जमिनीला पाण्याइतकीच हवा लागते हे त्याने प्रयोगाने पटवले. आमचा शेतकरी ते पायाखालच्या मातीवरून ओळखत होता.

पुसा त्याने 1924 मध्ये सोडले. कारण सरकारी आहे आणि आजच्या कोणत्याही कचेरीत ओळखीचे वाटेल. संस्थेचे विभाग पडले होते. झाड एकाचे, कीड दुसऱ्याची, बुरशी तिसऱ्याची आणि माती चौथ्याची. याला मातीवर काम करायचे होते, आणि माती त्याच्या खात्यात नव्हती! मध्यवर्ती कापूस समिती आणि मध्य भारतातली संस्थाने यांच्या मदतीने त्याने इंदूरला स्वतःची संस्था उभी केली. होळकर दरबाराने तीनशे एकर जमीन दिली. इथे मजुरांना ठरल्या दिवशी पगार, कामाचे ठरावीक तास आणि औषधपाणी मिळे. त्या काळी हे नवल होते.

‘इंदूर पद्धत’ इथली. तिच्या घडणीत हॉवर्डबरोबर यशवंत वाड हे रसायनाचे सहकारी होते. 1931 साली ऑक्सफर्डने प्रसिद्ध केलेल्या मूळ पुस्तकावर दोघांची नावे शेजारी-शेजारी छापली आहेत. जगभर सेंद्रिय शेतीवर बोलणारे हॉवर्डचे नाव घेतात. वाडांचे नाव निदान आपण तरी घ्यायला हवे होते.

पद्धत साधी आहे. चीनमधले शेतकरी शतकानुशतके कचरा कुजवून शेते राखतात, हे किंग नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या पुस्तकातून हॉवर्डला कळले होते. त्याने आणि वाडांनी त्याला मोजमाप दिले. तीस फूट लांब, चौदा फूट रुंद आणि दोन-तीन फूट खोल असा उतरत्या कडांचा खड्डा. त्यात काडीकचऱ्याचा थर, त्यावर शेण आणि गोठ्यातली गोमूत्र मुरलेली माती, थोडी राख, मग पुन्हा काडीकचरा. कचरा तीन भाग तर शेण-मूत्र एक भाग. पिळलेल्या फडक्याइतकी ओल. तीन महिन्यांत तीनदा खालीवर करायचे, म्हणजे हवा खेळते. आधी बुरशी काम करते, मग जिवाणू. ढीग आत हात घालवणार नाही इतका तापतो आणि त्या तापात तणाचे बी मरते. नव्वद दिवसांत काळे, भुसभुशीत, पावसाच्या मातीच्या वासाचे खत तयार. पऱ्हाटी कुजत नाही, ही तक्रार तिथेही होती. त्यांनी पऱ्हाट्या गाडीरस्त्यावर पसरल्या आणि बैलगाड्यांच्या चाकांखाली त्यांचा चुरा होऊ दिला.

मी बँकेत असताना पीककर्जाचा एक भाग रोख आणि एक भाग वस्तुरूपाने मिळे. वस्तुरूप म्हणजे रासायनिक खताची पोती. गावच्या उकिरड्याला कर्जाच्या कागदावर किंमत नव्हती आणि ती कशी लावायची हे मलाही सांगता आले नसते. जे मोजता येते त्यालाच पैसा मिळतो. हॉवर्डने कंपोस्टला खड्ड्याची मापे आणि दिवसांचे वेळापत्रक दिले, त्यामुळेच ते जगभर गेले. केनियातले कॉफीमळे आणि आसाम-सिलोनचे चहामळे यांनी ते उचलले. 1935 साली गांधीजी हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आले तेव्हा ही संस्था पाहून गेले आणि ‘हरिजन’मधून त्यांनी पद्धतीची माहिती दिली.

तोवर हॉवर्ड गेला होता. 1930 मध्ये गॅब्रिएलबाई वारल्या. पंचवीस वर्षांचा संसार आणि प्रयोगशाळा एकदमच सुटली. 1931 मध्ये त्याने हिंदुस्थान सोडला. पुढे बाईंची बहीण लुईझ हिच्याशी लग्न केले. 1934 मध्ये ‘सर’ ही पदवी मिळाली, पण आपल्याच क्षेत्रातल्या शास्त्रज्ञांशी त्याचे बिनसले ते कायमचे. लंडनजवळ ब्लॅकहीथला त्याने घर घेतले. तिथली बाग पार थकलेली, सफरचंदाची झाडे किडीने भरलेली. त्याने एकही औषध मारले नाही, फक्त कंपोस्ट घातले. पहिल्या वर्षी काही झाले नाही. काही वर्षांत कीड हटली आणि बाग सावरली, असे त्याने लिहिले आहे. मोठमोठ्या संस्था चालवलेल्या माणसाने म्हातारपणी घरामागच्या बागेत तोच प्रयोग पुन्हा करून पाहावा, हे मला मनापासून आवडते.

तरी त्याचे सगळेच मानू नये. माती सुधारली की प्रत्येक रोग जातो, हे त्याचे म्हणणे पुढच्या संशोधनात पुरते टिकलेले नाही. लिंबावरचा खैऱ्या उत्तम पोसलेल्या झाडावरही येतो. ती फांदी कापून जाळावीच लागते. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी फुलपाखराची अळी लिंबाची कोवळी पाने फस्त करते, ती हाताने वेचावी. जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण साबणाच्या सौम्य पाण्याने धुवावा आणि मुंग्यांची वाट तोडावी. आणखी खते देऊन तो जाणार नाही. उलट युरिया घातल्याने फूट जितकी लुसलुशीत येते तितका मावा जास्त, हे कुणीही आपल्या अंगणात पाहू शकतो. तिथे हॉवर्ड खरा ठरतो.

आपल्याकडे हा प्रश्न छंदाचा नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने माणसे मेली. त्याच वर्षी गुलाबी बोंडअळीने विदर्भाची कपाशी खाल्ली. आजही शेतात उरलेले औषध घरी आणून कढीपत्त्यावर आणि वांग्यावर मारणारी घरे मला ठाऊक आहेत. ज्या झाडाचे पान संध्याकाळी फोडणीत पडते त्याच्यावर! बोंडअळी वाळलेल्या बोंडांतून आणि कुडाला रचलेल्या पऱ्हाटीतून पुढच्या हंगामापर्यंत टिकते. म्हणून फरदड घेऊ नका, पऱ्हाटी ठेवू नका असे कृषी खाते दरवर्षी सांगते. मग शेतकरी ती बांधावर पेटवतो किंवा सरपणाला ठेवतो. चुरा करून कुजवली तर अळीही मरते आणि खतही होते. इंदूरला गाडीच्या चाकाने जे झाले ते आता ट्रॅक्टरच्या श्रेडरने होते. यंत्र भाड्याने आणायला पैसा लागतो, एवढीच अडचण.

हॉवर्ड 20 ऑक्टोबर 1947 ला वारला. शेवटची दोन पुस्तके, 1940 चे आणि 1945 चे, त्याची सर्वात भांडखोर आणि सर्वात वाचली गेलेली. लुईझबाईंनी 1953 मध्ये त्याच्या हिंदुस्थानातल्या कामावर पुस्तक लिहिले आणि आपल्या बहिणीचे काम त्यात नीट नोंदवले. इंदूरच्या त्या जमिनीवर आज शेतकी महाविद्यालय आहे.

घरी करणाऱ्यांसाठी खड्डा तीन फूट लांब-रुंद आणि दोन फूट खोल पुरतो. दिवाळीनंतर भरलात तर उन्हाळ्याच्या तोंडाशी खत हातात येते. भाजीची देठे, वाळली पाने, चुलीची राख, शेजारच्या गोठ्यातले दोन पाट्या शेण. मृग लागला की मात्र खड्डा नको, त्यात पाणी साचून सडा होतो. तेव्हा जमिनीवरच ढीग रचायचा. इंदूरलाही पावसाळ्यात असेच करीत.